कामावरून गेलेल्या माणसाची तक्रार

नमस्कार श्रोतेहो. इंदुरात बांधकामाच्या साइटवर माझी तीस वर्षं गेली. कामावरून काढलेला माणूस तक्रार घेऊन उभा राहतो, हे पुष्कळदा पाहिलं. कधी लेबर ऑफिसात, कधी महापालिकेत, आणि आता तर सीएम हेल्पलाइनचा १८१ नंबर आहेच.

एक प्रसंग सांगतो. होळी आठवड्यावर आली होती. झाबुआ-अलिराजपूरकडचे आमचे मजूर भगोरियाला, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आदिवासी जत्रेला, निघाले होते. माझं तर स्पष्ट मत आहे, भगोरियाची सुट्टी ठेकेदारानं आपणहून द्यावी, तीही हिशेब चुकता करून. सणाला अडवलेला माणूस मनानं कामावर परत येत नाही. असो. त्याच गडबडीत बायपासच्या साइटवर सिमेंटच्या गोण्या वहीशी जुळेनात. सुपरवायझरला जाब विचारला, उत्तर नाही. त्याच दिवशी काढला.

वीस दिवसांनी त्याची तक्रार आली. म्हणे, दुसऱ्या स्लॅबमध्ये १०ऐवजी ८ मिलिमीटरची सळई घातली. स्लॅब तर कधीच भरून झालेला! फ्लॅट घेतलेली मंडळी धावत आली. रामबागेतलं जुनं घर विकून पैसे भरलेल्या एक आजी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. खांबाला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या.

माझं डोकं तापलं होतं. आमचा मिस्त्री म्हणाला, "साहेब, भांडू नका. वही काढा."

वही काढली. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशीची नोंद होती: सळईची जाडी, दोन सळयांमधलं अंतर, डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची सही. जाळीवर टेप धरून काढलेले फोटो होते. मालाची गाडी तोलणाऱ्या धर्मकाट्याची पावती होती. १०ची सळई मीटरला सुमारे ६१७ ग्रॅम भरते, ८ची ३९५. एवढा फरक वजनात लपत नाही. तरी मी आजींना म्हटलं, छतावर तुम्ही बोट ठेवाल तिथे फोडतो. त्यांनी कोपरा दाखवला. छिन्नीनं खालचं काँक्रीट काढलं, सळई उघडी केली, त्यांच्यासमोर मोजली. १० भरली. आजी तिथेच विटांच्या थप्पीवर बसल्या.

तर श्रोतेहो, वही. रोजची वही, त्याच दिवशी, शाईनं लिहिलेली. हजेरी, उचल, माल, सगळं. मोबाइलवरचे निरोप हरवतात, वही राहते. तक्रारीला उत्तर लेखी द्या, सोबत वहीच्या नकला जोडा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट निघाली. त्या सुपरवायझरचे नऊ दिवसांचे पैसे आमच्याकडेच राहिले होते. काढलेल्या माणसाची मजुरी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची असते. गोण्यांचा वाद वेगळा, मजुरी वेगळी. सळईची तक्रार खोटी होती, पण हे देणं खरं होतं. त्याला बोलावलं, पैसे हातात ठेवले, पावतीवर सही घेतली. त्यानं ते दोनदा मोजले.

नमस्कार.