एड्रियाटिक महिला लीग: सीमा ओलांडून खेळायचं बास्केटबॉल

नमस्कार मंडळी! आजची गोष्ट १९८९ पासून सुरू करते. इटलीतलं फ्लॉरेन्स शहर, महिलांच्या युरोपियन चॅम्पियन्स कपची फायनल. एका बाजूला विचेंत्सा हा इटालियन क्लब. आधीची सलग चार वर्षं हा कप त्यांच्याचकडे होता. समोर येदिन्स्त्वो, युगोस्लाव्हियातल्या तुझला या मिठाच्या खाणींच्या शहरातला क्लब. येदिन्स्त्वो म्हणजे एकजूट. आणि तुझलाच्या पोरींनी तो सामना ७४-७० असा मारला!

त्यांची सेंटर होती राझिया मुयानोविच. स्रेब्रेनित्साजवळच्या खेड्यातली मुलगी, उंची २ मीटर २ सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा फुटांच्याही वर.

दोनच वर्षांत तो देश फुटायला लागला, युद्ध पेटलं. राझियाने हाच कप १९९४ आणि १९९५ मध्ये पुन्हा जिंकला, पण इटलीच्या कोमो क्लबकडून. १९८९ नंतर त्या अख्ख्या भागातल्या एकाही क्लबला हा कप घरी आणता आलेला नाही. मला हे फार लागतं.

असं का झालं? पैसा बाहेर होता, हे तर आहेच. पण युगोस्लाव्हिया फुटून जे छोटे देश झाले, त्यांचा नकाशा बघा. स्लोव्हेनियाची लोकसंख्या साधारण २१ लाख. माँटेनेग्रोची सव्वासहा लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या सोलापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा देशात महिलांची लीग भरवली तर तगडे क्लब निघणार दोन, फार तर तीन. बाकीचे सामने एकतर्फी. मध्यंतरालाच निकाल लागलेला, चांगल्या खेळाडू उरलेला वेळ बाकावर. चौथ्या क्वार्टरमध्ये संघ दोन गुणांनी मागे आहे, पाय भरून आलेत, आणि तुम्ही फ्री थ्रोला उभ्या आहात, हे सरावात शिकता येत नाही हो. त्यासाठी तोडीस तोड प्रतिस्पर्धी लागतो, आणि तो दर आठवड्याला लागतो.

तो शेजारी होता, फक्त मध्ये सीमा आली होती.

म्हणून २००१ मध्ये महिलांची एड्रियाटिक लीग उभी राहिली. आज तिला वाबा लीग म्हणतात. बोस्नियातलं युद्ध थांबून तेव्हा सहा वर्षं झाली होती, कोसोव्होतलं थांबून जेमतेम दोन. दर मोसमात संघ बदलत राहिले, पण स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया इथले क्लब यात खेळत आलेत. पुढे बल्गेरियातलेही आले.

यात गोस्पिच या गावाचं नाव घेतलंच पाहिजे. क्रोएशियातलं लहानसं गाव, १९९१ च्या युद्धात आघाडीवर सापडलेलं. त्या गावच्या महिला क्लबने ही लीग एकाहून अधिक वेळा जिंकली! क्लबच्या नावाला एका विमा कंपनीचं नाव जोडलेलं असायचं. या लीगमध्ये हे सर्रास चालतं, आणि हीच तिची दुखरी जागा आहे. तिकीटविक्रीवर संघ चालत नाही. प्रायोजक गेला की संघाचं नाव बदलतं, आणि कधी संघच उरत नाही.

प्रवासही सोपा नाही. माँटेनेग्रोतलं पोदगोरिका ते स्लोव्हेनियातलं त्सेल्ये, रस्त्याने सातशेएक किलोमीटर, त्यातला बराचसा डोंगरातून. क्रोएशिया २०२३ मध्ये शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात गेला, सर्बिया आणि बोस्निया बाहेरच आहेत. म्हणजे बेलग्रेडहून निघालेल्या बसला क्रोएशियाच्या नाक्यावर युरोपियन युनियनची बाहेरची सीमा लागते. पासपोर्ट काढा, रांगेत थांबा, मग सामना खेळा. हे करून मुली घरच्या राष्ट्रीय लीगमध्येही खेळतात.

मोठे क्लब असे बाहेर रमले तर घरची लीग पडेल, अशी तक्रार होते. ती खोटी नाही. तरी मी या लीगच्या बाजूने आहे. सर्बियाने २०१५ आणि २०२१ मध्ये महिलांचं युरोबास्केट, म्हणजे राष्ट्रीय संघांची युरोपियन स्पर्धा, जिंकलं, मध्ये २०१६ ला रिओत ऑलिम्पिक ब्राँझ घेतलं. सगळं श्रेय लीगचं नव्हे. पण या तिन्ही वेळी प्रशिक्षक होत्या मारिना माल्कोविच, आणि त्याआधी त्या बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबच्या प्रशिक्षक होत्या. तो क्लब याच लीगमध्ये खेळायचा.

आणखी एक सांगते. युगोस्लाव्हियातून निघालेल्या त्या सहाही देशांत बास्केटबॉलला एकच शब्द आहे, कोशार्का. कोश म्हणजे टोपली. टाइमआउटमध्ये सर्बियन कोच ओरडून जे सांगते, ते समोरच्या क्रोएशियन बाकावर सगळ्याजणींना कळतं.