बाजूच्या कोर्टवरचा आवाज

नमस्कार श्रोतेहो.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी घराच्या मागच्या खोलीत टेनिस रॅकेटच्या गटिंगचं मशीन मांडलं. गट म्हणजे आतडं. आता आतड्याची तार वापरणारे विरळाच, बहुतेकांना पॉलिएस्टर लागतं, पण नाव अजून गटिंगच. या खोलीत येणारी माणसं रॅकेटबरोबर प्रश्नही ठेवून जातात. मागच्या महिन्यात इथल्याच, इंदूरच्या रामबागेतल्या एक बाई मुलीची रॅकेट घेऊन आल्या. मुलगी बारावीला, डावखुरी, बॅकहँड तर बघत राहावा असा. बाई म्हणाल्या, "काका, हिला अमेरिकेतल्या एका कॉलेजातून विचारणा आलीय, शिष्यवृत्ती देतायत. पण सगळे म्हणतात, कॉलेजला गेली की टेनिस संपलं. आताच सर्किटवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, उतरवा. तुम्ही खेळलेले आहात, तुम्हीच सांगा."

मी खेळलेला आहे म्हणजे काय, तर आंतरविद्यापीठ. चाळीसेक वर्षांपूर्वी मॅनेजर सरांबरोबर सेकंड क्लासनं गेलो, वसतिगृहाच्या हॉलमध्ये गादीवर झोपलो, पहिल्याच फेरीत हरलो. परत आल्यावर ट्रॅकसूट धुऊन क्रीडा विभागात जमा करायचा होता, तो केला. माझ्या टेनिसचं शिखर ते एवढंच. म्हणून त्या दिवशी बाईंना उत्तर न देता नुसता चहा दिला. उत्तर आज देतोय.

कॉलेजात गेलं की खेळ संपतो, ही समजूत आली कुठून? मला वाटतं, ती १९८५ साली पक्की झाली. त्या वर्षी बोरिस बेकरनं सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलं. चार वर्षांनी मायकेल चँगनं त्याच वयात फ्रेंच ओपन जिंकली. तेव्हापासून प्रत्येक टेनिसवेड्या बापाच्या डोक्यात एक घड्याळ टिकटिकतंय. सतरा झाली, अठरा झाली, गेली गाडी. पण असे बेकर-चँग विरळाच. बाकीच्यांचं शरीर भरायलाच बावीस-तेवीस वर्षं जातात, आणि अलीकडे तिशी ओलांडलेले कितीतरी खेळाडू जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात ठाण मांडून बसलेले दिसतात.

आता आपल्याच सोमदेव देववर्मनचं बघा. व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षं शिकला. २००६ साली अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेची, म्हणजे एनसीएएची, एकेरीची फायनल हरला, मग २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. २००७च्या फायनलमध्ये समोर होता जॉर्जिया विद्यापीठाचा जॉन इस्नर. तोच तो इस्नर, ज्यानं पुढे २०१० साली विम्बल्डनला निकोला माहूबरोबर तीन दिवस मिळून अकरा तास पाच मिनिटं सामना खेळला आणि शेवटचा सेट ७०-६८ असा घेतला. सोमदेव पदवी घेऊन बाहेर पडला आणि २००९च्या जानेवारीत वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, चेन्नई ओपनच्या फायनलला पोचला. वाटेत एकेकाळचा जागतिक अव्वल कार्लोस मोया, त्याला हरवलं. पुढच्या वर्षी राष्ट्रकुलचं सुवर्ण, एशियाडचं सुवर्ण. हा मुलगा चार वर्षं वर्गात बसला होता, हे लक्षात घ्या.

मुलींमध्ये डॅनिएल कॉलिन्सचं नाव घेतो, कारण प्रश्न मुलीचा आहे. तीही व्हर्जिनियाची. २०१४ आणि २०१६ असं दोनदा एनसीएए जिंकून मगच पूर्णवेळ सर्किटवर आली, आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला खेळली. फ्लोरिडा विद्यापीठाचा बेन शेल्टन २०२३ साली त्याच स्पर्धेसाठी मेलबर्नला गेला, तो त्याचा अमेरिकेबाहेरचा पहिलाच प्रवास होता. थेट क्वार्टर फायनलपर्यंत गेला, आणि तिकडे असताना विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासही चालूच. २०२५च्या ऑक्टोबरात तर शांघायला कमालच झाली. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो, जागतिक क्रमांक २०४, पात्रता फेरीतून आला आणि मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची, स्पर्धा जिंकून गेला. फायनलला समोर कोण? त्याचाच कझिन, आर्तूर रिंडरक्नेश. दोघेही टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे.

ही नावं ऐकून बाई खूश होतील, पण नावांनी उत्तर होत नाही. तिथे नेमकं मिळतं काय, ते बघायला हवं.

तिथला विद्यापीठांचा सामना संघाचा असतो. आधी तीन डबल्स, एकेका सेटच्या, तिन्ही मिळून एकच गुण, दोन जिंकेल त्याला. मग सहा सिंगल्स, प्रत्येकीला एक गुण. सात गुणांतले चार आधी मिळवील तो संघ जिंकला. सहा कोर्ट असतील तर सहाही सिंगल्स एकाच वेळी चालू. ड्यूस, म्हणजे ४०-४०, झाला की लांबण नाही, एकच पॉइंट, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची ते समोरचा ठरवणार. मुलांच्या सामन्यात सर्व्हिस नेटला चाटून आत पडली तरी 'लेट', म्हणजे पुन्हा सर्व्हिस, नाही, खेळा पुढे. यामागचं कारण गमतीचं आहे. अंपायर नसलेल्या कोर्टवर समोरच्याचा एस, म्हणजे हातच न लागलेली सर्व्हिस, बसला की काही बहाद्दर खुशाल 'लेट' म्हणून हात वर करायचे. मग नियमच काढून टाकला. आपल्याकडे यावर परिपत्रक निघालं असतं.

आणि आवाज! विम्बल्डनसारखी शांतता पाळायची तिथे सोय नाही. तुम्ही तिसऱ्या कोर्टवर सर्व्हिस टाकताय आणि पाचव्या कोर्टवरचा मित्र स्वतःचा पॉइंट संपवून तुमच्या नावानं ओरडतोय. तुम्ही ०-६ असे हरलात तरी संघ ४-३ जिंकू शकतो. हरलेला मुलगा टॉवेलनं तोंड पुसतो आणि बाजूच्या कोर्टच्या जाळीला जाऊन ओरडायला लागतो. हे चार वर्षं, दर हंगामात.

आता सर्किट. सगळ्यात खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरची स्पर्धा. रक्कम मोठी वाटते, पण ती बत्तीस सिंगल्सवाल्यांत आणि सोळा डबल्सच्या जोड्यांत वाटली जाते. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास. तेवढ्यात त्या आठवड्याचं हॉटेलही निघत नाही, विमान लांबच. पुरुषांत अशी स्पर्धा जिंकली तर जागतिक क्रमवारीचे १५ गुण. पहिल्या शंभरात यायला सहाशेच्या आसपास गुण लागतात, गुण बावन्न आठवडेच टिकतात, आणि वर्षातल्या ठरावीक स्पर्धाच मोजतात. मी बँकेतला माणूस, मला हा हिशेब लगेच दिसतो. पंधरा हजारवाल्या स्पर्धा तुम्ही लागोपाठ जिंकत राहिलात तरी शंभरात येत नाही. खालच्या पायरीवरून उडी मारून चॅलेंजरला, म्हणजे वरच्या पायरीच्या स्पर्धांना, जावंच लागतं. आणि वर? २०२४च्या यूएस ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला एक लाख डॉलर मिळाले. एकच खेळ, त्याच चार रेघा, तेवढंच उंच नेट.

म्हणूनच २०२३ साली एटीपी, म्हणजे पुरुष टेनिसची संघटना, आणि आयटीए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसची संघटना, यांनी एक वाट काढली. अमेरिकी कॉलेज क्रमवारीतल्या वरच्या वीस मुलग्यांना चॅलेंजर स्पर्धांमध्ये राखीव जागा द्यायच्या. म्हणजे कॉलेजातली क्रमवारी आता सर्किटच्या तिकिटासारखी चालते. उशिरा का होईना, कुणाला तरी सुचलं.

मागे एकदा इंदूरला अशीच १५ हजारांची स्पर्धा होती, तेव्हाची गोष्ट सांगतो. हिवाळ्याचे दिवस. संध्याकाळी एक मुलगा दारात आला, खांद्यावर मोठी बॅग. नुकताच अमेरिकेतून पदवी घेऊन आलेला, पात्रता फेरी खेळत होता. बॅगेतून दोन रॅकेट काढल्या, दोन्हींची तार तुटलेली. "अंकल, लेबर किती?" मी म्हटलं, "चारशे. तार तुझी." त्यानं एक रॅकेट परत बॅगेत घातली. "एकच करा. ताण अठ्ठेचाळीस पौंडांचा."

मी तार ओढत होतो आणि तो स्टुलावर बसून बघत होता. म्हणाला, "कॉलेजमध्ये मशीन लॉकर रूमच्या बाहेरच होतं. सरावानंतर रॅकेट ठेवायची, सकाळी तयार. कोण करतं, किती लागतात, मी कधी विचारलंच नाही." मग जरा वेळानं, जणू तारेशीच बोलल्यासारखं, "आधी हरलो तर पाच जण जेवायला घेऊन जायचे."

दुसऱ्या दिवशी तो हरला. एकेक सेट झाला आणि पात्रता फेरीत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यात गेला. बॉलबॉय नाहीत. शेवटचा चेंडू मागच्या कनातीला लागून पडला होता, तो त्यानंच उचलला आणि खुर्चीवरच्या अंपायरकडे दिला. बाजूच्या कोर्टवर सामना चालू होता, पण तिथून त्याच्या नावानं कुणी ओरडलं नाही. दुपारी तो मला विचारत होता, पुढच्या गावाला रात्रीची बस कुठून मिळते. मी त्याला सरवटे बसस्टँडचा पत्ता दिला आणि सोबत पोहे बांधून दिले. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काय होतं?

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. मुलीला पाठवा. पण कॉलेजला गेली म्हणजे टेनिस संपेल ही भीती सोडा आणि कॉलेज संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाची भीती धरा. तिथे चार वर्षं सगळं कुणीतरी करतं. प्रवास, फिजिओ, तार, ओरडणं. बाहेर पडल्यावर या सगळ्याचं बिल एकाच माणसाच्या नावानं येतं. शिष्यवृत्ती म्हणजेही सगळं फुकट असं धरून चालू नका. कितीतरी वर्षं मुलांच्या पूर्ण संघाला साडेचार आणि मुलींच्या संघाला आठ शिष्यवृत्त्या असा नियम होता. मुलींचं पारडं जड होतं, हे बरं. आता नियम बदललेत, तेव्हा पत्र नीट वाचा, किती टक्के ते विचारा. आणि प्रशिक्षकाला संघ जिंकवायचा असतो, तुमची मुलगी घडवायची असतेच असं नाही. तिला सहाव्या क्रमांकावर खेळवलं तर रडायचं नाही.

इथल्या कॉलेजात राहून होणार नाही का, असंही त्यांनी विचारलं होतं. आपली आंतरविद्यापीठ आधी विभागाची, मग अखिल भारतीय. आठवडाभरात आटोपते, आणि वर्षभर विद्यापीठाकडून खेळायला सामनेच नाहीत. त्यात मुलांचा दोष नाही, पण त्यातून सर्किटचा रस्ता फुटत नाही, हे मी ट्रॅकसूट जमा केलेला माणूस सांगतोय.

एक गोष्ट मात्र राहिली. २०१४ साली इंदूरला चॅलेंजर स्पर्धा झाली होती, कुणाला आठवत असेल. जिंकली साकेत मायनेनीनं. त्याच्या थोडंच आधी सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत एशियाडचं सुवर्ण मिळवून आला होता. तो अलाबामा विद्यापीठाकडून खेळलेला. म्हणजे कॉलेजातून निघालेली वाट आपल्या गावातूनही गेलीय.

परवा ती मुलगी एकटीच आली, रॅकेट घ्यायला. मी तार वाजवून दाखवली. पैसे पुढे करत म्हणाली, "काका, हे मशीन मला शिकवाल? तिकडे जायच्या आत."

उद्या सकाळी सात वाजता येणार आहे. जुनी, वाकडी फ्रेम काढून ठेवलीय तिच्यासाठी.

नमस्कार.