सायकलची जागा गाडीखाली आहे

आजचा विषय पत्रिकेत ‘चौकातली सायकल सुरक्षा’ असा छापलाय. तिथे मी येणार आहेच, पण आधी पार्किंगबद्दल बोलू द्या. ते सोडून सायकलबद्दल बोलणं मला जमत नाही.

गाडीनं आलेल्यांनी हात वर करा बरं. आता पैसे भरून गाडी लावलेल्यांनीच वर ठेवा. (हशा) बघा, सभागृह एकदम शिस्तीत आलं!

रस्त्याकडेला लावलेल्या मोटारींची एक रांग दोन ते अडीच मीटर रुंदी खाते. एका दिशेच्या सायकल मार्गाला साधारण दोन मीटर लागतात. म्हणजे पुण्यात सायकलला जागा नाही, हे खरं नव्हे. जागा आहे, तिच्यावर दिवसभर गाड्या उभ्या आहेत. आपण मात्र ती जागा सोडून सायकल मार्ग फुटपाथवर चढवतो. 2006 नंतर सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकांबरोबर, जे सायकल मार्ग झाले, ते तुम्ही पाहिलेत. मध्येच झाड, पुढे विजेचा डबा, सोसायटीच्या प्रत्येक फाटकाशी उतार. अशा मार्गावर रोज कामाला जाणारा माणूस सायकल घालत नाही. त्याचा दोष सायकलवाल्याला देऊ नका.

पेठेतल्या एका रस्त्यावरचं पार्किंग हलवायची चर्चा होती, तेव्हा मी बैठकीला गेलो होतो. एक दुकानदार कळकळीनं म्हणाले, “अहो, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येईल कसं?” प्रश्न रास्त होता, त्यांचं पोट त्यावर आहे. मी म्हटलं, काका, उद्या सकाळी तुमच्या पायरीवर बसतो. बसलो. चहा त्यांनीच पाजला. दुकान उघडायच्या आधीच समोरची जागा भरली होती. एक स्कूटर त्यांच्याच नोकराची, दोन शेजारच्या दुकानातल्या, मोटार वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातली. दुपारपर्यंत एकही हलली नाही. गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत गाडी लावून चालत येत होती. काका म्हणाले, “म्हणजे माझी जागा माझीच माणसं अडवतायत.” पी-1, पी-2च्या, म्हणजे सम तारखेला एका आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायच्या नियमानं हे सुटत नाही, कारण गाडी फक्त समोरच्या बाजूला सरकते. तासाला पैसे लागले की दिवसभराची गाडी निघते आणि गिऱ्हाइकाला जागा मिळते. 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात पार्किंगचं शुल्क जागेच्या किमतीला धरून असावं, असंच म्हटलंय. आपल्या महापालिकेनंही 2018 साली पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही मोजक्या रस्त्यांवर प्रयोग म्हणून. तो प्रयोग अडला, याचा मला आजही राग आहे. लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, लोक रस्त्याच्या मधोमध आनंदानं चालतात. मग उरलेल्या दिवसांत निदान एक रांग तरी मोकळी का करू नये?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय. आता चौक, भराभर सांगतो.

जिथे पार्किंग राहीलच, तिथे सायकल फुटपाथ आणि गाड्यांच्या मध्ये घ्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. सायकल गाड्यांच्या उजवीकडून गेली तर त्याचं दार थेट तिच्यावर उघडतं. डावीकडून गेली तर धोका कमी होतो, कारण बहुतेक गाड्यांत चालक एकटाच असतो. तरी दारापुरती अर्धा मीटर पट्टी सोडा. आणि चालकांनो, दार डाव्या हातानं उघडा, म्हणजे अंग वळतं आणि मागचं दिसतं.

पण चौकाच्या अलीकडे हे पार्किंग थांबलंच पाहिजे. नाहीतर गाड्यांआडची सायकल डावीकडे वळणाऱ्या ट्रकला दिसतच नाही. कोपऱ्याची गोलाई लहान ठेवा, म्हणजे वळताना वेग कमी करावा लागतो. सायकलींची थांबरेषा मोटारींच्या पुढे आखा आणि सिग्नल त्यांना काही सेकंद आधी द्या. सायकल मार्ग चौकातून सलग रंगवून पलीकडे न्या. आज तो नेमका चौकाच्या तोंडाशी संपतो. नकाशे मागच्या टेबलावर ठेवलेत. प्रश्न तिथेच विचारा, मी थांबतोय.