सात गुंठ्यांची चिमूट

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या पावसानंतर आपल्या सोलापूरकडच्या रानात पाय टाकला की चपला जड होतात. मग बांधावर टेकायचं आणि काडीनं काळी माती खरवडत बसायचं. ही चिवट माती पाण्यातलं शिसं, तांबं, कॅडमियमही धरून ठेवते.

काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे एकावर एक. मध्ये पाणी शिरलं की ते फुगतात. वैशाखात पाणी उडालं की रानाला हात जाईल एवढ्या भेगा. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून त्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर ७०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरेल. म्हणजे चिमटीत सात गुंठे! या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून धन भाराचे कॅल्शियम, सोडियम तिथे बसलेले असतात. शिसं किंवा तांबं आलं की त्यांना उठवून स्वतः बसतं. भारित कणांच्या या अदलाबदलीला आयन-विनिमय म्हणतात.

डाळिंबवाल्यांकडे बोर्डो या बुरशीनाशक फवारणीसाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, असतंच. पारदर्शक बाटलीत पाणी निळसर दिसेल इतपत विरघळवा, दोन चमचे वाळली काळी माती टाकून खळखळून हलवा. माती बसली की वरच्या पाण्याचा निळेपणा उतरलेला दिसेल. सगळं श्रेय पापुद्र्यांचं नाही हं. आपल्या रानातली चुनखडीही तांबं खाली बसवते.

पण ते पाणी पिऊ नका! पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढंसं डोळ्यांना कुठलं दिसायला? उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटून ते दाटतात. माठात माती कालवण्याचा उद्योगही नको.

शिवाय ही माती सगळ्यांना थारा देत नाही. क्रोमेट या क्रोमियम धातूच्या विषारी रूपावर तिच्यासारखाच ऋण भार, त्यामुळे ती त्याला दूर लोटते. आर्सेनिकसाठी लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली खनिजं वापरतात.

आणि धरलेलं तांबं ती कायमचं धरत नाही. आम्लाचं पाणी लागलं की सोडून देते. तेव्हा बाटलीतला गाळ मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका.