हप्ता नको, मुदत विचारा
(चिंचवडमधल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरांच्या किमती आणि व्याजदर : पुढे काय?' आत्ता आत येताना जिन्यातच तिघांनी गाठलं. एकच प्रश्न, आता घ्यावं की थांबावं? त्यावर बोलणारच आहे. पण आधी खिशातला हा कागद वाचून दाखवतो, कारण गेली अडीच-तीन वर्षं मी जिथे जातो तिथे तो बरोबर नेतो.

हा माझ्या भाच्याच्या गृहकर्जाचा खातेउतारा, एप्रिल २०२३ चा. हप्ता २२,८११ रुपये. त्यातलं व्याज २२,१३३. मुद्दल ६७८.

मागून कोणी तरी 'किती?' म्हणालं. सहाशे अठ्ठ्याहत्तर. पोराने महिनाभर हिंजवडीला खेटे घातले, पगार झाला, पाच तारखेला बावीस हजार आठशे अकरा खात्यातून गेले, आणि कर्ज फिटलं सहाशे अठ्ठ्याहत्तर रुपयांचं. आणि खाली कोपऱ्यात, भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरांत, 'शिल्लक मुदत : ४५८ महिने'. म्हणजे अडतीस वर्षं आणि वर दोन महिने. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. बेरीज तुम्हीच करा.

आता हे झालं कसं ते सविस्तर सांगतो, कारण यात कोणी फसवलेलं नाही, कोणी खोटी सही घेतलेली नाही. २०२० ची दिवाळी आठवा. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवर आलेला. राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती, ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्के, नंतर मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के. निबंधक कार्यालयांच्या बाहेर मास्क लावून लोक रांगेत उभे होते. भाच्याने पुनावळ्याला दोन खोल्या-हॉलचं घर घेतलं, चाळीस लाखांना. कर्ज तीस लाख, पावणेसात टक्के, वीस वर्षं. फेब्रुवारीत नोंदणी झाली आणि संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला. 'मामा, नुसते मुद्रांकाचे ऐंशी हजार वाचले!' आमच्या ताईने देवापुढे साखर ठेवली. मलाही आनंद झाला, मी कशाला नाही म्हणू?

मग ४ मे २०२२ उजाडला. बुधवार होता. हा दर ठरवणारी रिझर्व्ह बँकेची पतधोरणाची बैठक काही त्या दिवशी ठरलेली नव्हती. दुपारी तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास दूरचित्रवाणीवर आले आणि रेपो दर चारवरून चार पूर्णांक चाळीस झाला. तिथून पायऱ्या चढत फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा. दहा महिन्यांत अडीच टक्के. भाच्याचं कर्ज रेपोला बांधलेलं, त्यामुळे त्याचा दरही पावणेसातवरून सव्वानऊ झाला. पण हप्ता? हप्ता जिथल्या तिथे. बँकेने मुदत वाढवली. आणि हप्ता बदलला नाही म्हणून या मुलाला वाटत राहिलं की आपल्याला काही झळ लागलेली नाही.

तुम्ही कागदावर करून बघा. तीस लाखांवर सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं २३,१२५. त्याचा हप्ताच २२,८११ चा! म्हणजे हा दर पहिल्या दिवशी असता, तर हप्ता भरूनसुद्धा कर्ज दरमहा वाढत गेलं असतं. दोन वर्षं आधी थोडं मुद्दल फिटलं होतं, म्हणून तो सहाशे अठ्ठ्याहत्तरावर तरी टिकला. ठरल्याप्रमाणे वेळेत कर्ज संपवायचं तर हप्ता सत्तावीस हजार चारशेच्या घरात न्यायला हवा होता. साडेचार हजार जास्त. ते त्याला जमलं असतं हो! बाहेरचं खाणं कमी केलं असतं, गाडी दोन वर्षं पुढे ढकलली असती. पण त्याला कोणी विचारलंच नाही.

मला राग आहे तो इथे. मी एकतीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात काढली. आम्ही टेबलापलीकडच्या माणसाला काय सांगायचो? 'साहेब, हप्ता इतका बसेल.' तोही मान डोलवायचा. मुदतीचा रकाना आम्ही भरायचो आणि तो सही करायचा. आमच्या वडिलांच्या पिढीला कर्जाची धास्ती होती, भविष्यनिर्वाह निधी हातात आला की मग घर. ती धास्ती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर 'फिटणार कधी?' हा प्रश्नही गेला.

माझ्या स्वतःच्या जुन्या कर्जाचं तर उलटंच. ते बेस रेटच्या, म्हणजे बँक स्वतःच आपला मूळ दर ठरवायची त्या, काळातलं. २०२० साली नव्या गिऱ्हाइकाला सात टक्क्यांच्या आत कर्ज मिळत होतं आणि माझ्याकडून बँक नऊच्या वर घेत होती. चौकशीला गेलो तर, अर्ज करा, शुल्क भरा, मग नव्या पद्धतीत घेऊ. ऑक्टोबर २०१९ पासून नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधायची आणि तीन महिन्यांतून एकदा तरी फेरआढावा घ्यायचा, असा नियम झाला. जुन्यांनी मात्र स्वतः उठून जायचं. मी जाऊ शकलो, कारण मला माहीत होतं कुठल्या खिडकीवर जायचं. आमच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजी कशा जाणार?

अमेरिकेत बहुतेक गृहकर्जं तीस वर्षं एकाच दराची असतात. तिथे २०२२ नंतर दर चढले तर जुन्या कर्जदाराचा हप्ताही बदलला नाही आणि मुदतही नाही. उलट, हे स्वस्त कर्ज हातचं जाईल म्हणून लोक घर विकायला तयार होईनात. आपल्याकडे दर तरता, म्हणजे चढउताराचा सगळा भार कर्जदाराच्या डोक्यावर. असू दे, पण मग त्याला सांगा तरी. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तसा आदेश काढला. दर बदलताना कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्यायचं, आणि हप्त्यात व्याजही निघत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. चांगला आदेश आहे. पण आज या सभागृहात किती जणांनी तो पर्याय लेखी निवडलाय? हात वर करा. ...चार. ऐंशी-नव्वद माणसांत चार.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता मूळ विषय, पटपट.

दर उतरले की घर स्वस्त होतं, हा समज आधी काढून टाका. महिना चाळीस हजार हप्ता झेपणाऱ्याला वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी साधारण साडेचव्वेचाळीस लाख कर्ज मिळतं. साडेसात टक्क्यांनी जवळपास पन्नास लाख. पाच लाखांची ऐपत वाढली. पण ती तुमच्या एकट्याची नाही वाढली, त्याच इमारतीचं माहितीपत्रक हातात घेऊन बसलेल्या सगळ्यांची वाढली. विकणाऱ्यालाही हे गणित येतं. कमी झालेलं व्याज बघता बघता चौरस फुटाच्या भावात जाऊन बसतं.

मग दर चढल्यावर भाव उतरायला हवेत. २०२२-२३ मध्ये उतरले का? आपल्याकडे भाव उघडपणे उतरत नाही. विकासक स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं देतो, मुद्रांक आम्ही भरतो म्हणतो, पण दरपत्रकावरचा आकडा हलवत नाही, नाही तर आधी घेतलेले दारात येऊन उभे राहतात. शिवाय रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराचा, टेकू आहेच. त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली व्यवहार केला तर फरकावर विकणाराही आयकराच्या कचाट्यात येतो आणि घेणाराही. किंमत कागदावर खाली यायची वाटच अरुंद करून ठेवलीये.

व्याजदराचं पुढे काय? २००८ च्या जुलैअखेर रेपो नऊ टक्के होता, २००९ च्या एप्रिलात पावणेपाच. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर साडेसहावरून सव्वापाच. ज्यांच्या हातात निर्णय आहे ते पतधोरण समितीतले सहा जणही पुढच्या बैठकीपलीकडचं ठामपणे सांगत नाहीत. ते बघतात किरकोळ महागाई, चार टक्क्यांचं लक्ष्य. ऑक्टोबर २०२५ ला ती पाव टक्क्यावर आली होती, म्हणून कपातीला जागा झाली. आणि महागाईच्या त्या निर्देशांकात घरभाडं धरतात, घराची किंमत नाही. तुमच्या वाकड-रावेतच्या भावासाठी कोणी दर वाढवणार नाही की कमी करणार नाही. त्यामुळे 'दर अजून पडतील म्हणून थांबतो' असं म्हणून घर घेणं लांबवू नका, आणि 'दर पडलेत म्हणून घेतो' असंही करू नका. आजच्या दरात दोन-अडीच टक्के मिळवा, तो हप्ता दोन वर्षं झेपेल का बघा. झेपत असेल आणि राहायला घर हवं असेल, तर घ्या. गुंतवणूक म्हणून दुसरं घ्यायचं असेल तर आधी भाडं बघा. आमच्या सोसायटीत ऐंशी लाखांच्या घराला महिना तेवीस हजार येतात, त्यातून देखभालखर्च आणि घरपट्टी जायची. टक्का काढून पाहा.

शेवटचं. ज्यांची कर्जं चालू आहेत त्यांच्यासाठी. दर सव्वा टक्क्याने उतरलाय, तुमच्या कर्जात तो उतरलाय का ते तपासा. बँक हप्ता कमी करून देते म्हणाली तर घेऊ नका, जुनाच ठेवा. पन्नास लाख, वीस वर्षं, नऊ टक्के : हप्ता ४४,९८६. दर पावणेआठ झाल्यावर तोच हप्ता चालू ठेवलात तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आत संपतं. तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून लावता येत नाही, त्यामुळे बोनसचे पैसेही बेधडक भरा.

भाच्याने त्या उन्हाळ्यात बँकेला पत्र दिलं, हप्ता वाढवून घेतला. दुसरं पत्र द्यावं लागलं, पहिलं सापडत नव्हतं.

ज्यांनी उतारे बरोबर आणलेत त्यांनी खाली वाचनकक्षात थांबा. मी साडेनऊपर्यंत आहे. पेन्सिल आणि गणकयंत्र माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त शेवटचं पान उघडून ठेवा, जिथे मुदत लिहिलेली असते ते.