वारा पडला, तरी विमान नाही

मंडळी, कोल्हापूरकरांना थांबणं शिकवावं लागत नाही. जुलैत पाऊस लागला की घरोघरी एकच चौकशी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ साली शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हा मोठमोठे ट्रक दिवसच्या दिवस जागेवर उभे होते.

मी असाच केपटाउनला चार दिवस अडकलो. निघालो होतो अंटार्क्टिकाला, १९८९ साली सुरू झालेल्या आपल्या 'मैत्री' संशोधन केंद्रावर. केपटाउनहून इल्युशिन-७६ हे रशियन मालवाहू विमान साधारण सहा तासांत मैत्रीजवळच्या धावपट्टीवर उतरतं. ही धावपट्टी निळ्या, टणक बर्फाची. बाहेर केपटाउनचा उन्हाळा, आणि मी खोलीत ते जाडजूड बूट पिशवीतून काढतोय, परत भरतोय. निरोप रोज तोच : पुढचं संध्याकाळी कळवू.

आईला फोन केला. आमचं घर पंचगंगेकाठचं. म्हणाली, "अजून तिथंच हाईस व्हय? उतरू दे की मग. घाई कशाला?" तिला जास्त काही सांगावंच लागलं नाही.

तिथं नेमकं काय उतरायचं असतं? दक्षिण समुद्रावरून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक येतात आणि हिमवादळ आणतात. शिवाय आतल्या उंच पठारावरची थंड, जड हवा उतारावरून किनाऱ्याकडे घसरत येते आणि भुसभुशीत बर्फ उडवते. वारा पडला म्हणून लगेच विमान निघत नाही. धावपट्टीवर साचलेला बर्फ आधी ओढून काढावा लागतो. कोल्हापूरला उतरता आलं नाही तर विमान जवळच्या दुसऱ्या विमानतळावर वळवता येतं. इथं खाली हजारो किलोमीटर नुसता समुद्र. उरलेल्या इंधनात केपटाउनला परतता येईल, अशी शेवटची जागा वैमानिकाला आधीच काढून ठेवावी लागते. ती ओलांडण्याआधी पुढची हवा नक्की कळलेली हवी.

हे मला खऱ्या अर्थानं उमगलं ते मैत्रीवर काम सुरू झाल्यावर. हवामानाच्या नोंदी घ्यायच्या, दर तीन तासांनी. ओळखीच्या खुणांची अंतरं ठाऊक असतात. त्यातली कुठली दिसते, कुठली नाही, त्यावरून दृश्यमानता लिहायची. एका सकाळी वारा जवळजवळ नव्हता. मला वाटलं, आज मोकळं. दार उघडून पाहतो तर ढग खाली आलेले, उजेड सगळीकडून सारखा, सावली कुठंच नाही. जमीन आणि आभाळ एकच पांढरं. झेंड्याची काठी अधांतरी लोंबकळल्यासारखी दिसत होती. दोन पावलं टाकली आणि गुडघाभर खड्ड्यात गेलो. तो खड्डा पायाशीच होता, पण दिसला नव्हता.

तिकडे केपटाउनला कुणीतरी बूट पिशवीत भरून निरोपाची वाट बघत बसलं असेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. आत आलो, हातमोजे काढले आणि वहीत लिहिलं : क्षितिज दिसत नाही.