शंभराच्या नोटेत दुपारचं जेवण: सँडविचच्या दुकानात नक्की काय मागायचं?

(कॅमेऱ्यासमोर. मागे हरभट रोडची दुपारची वर्दळ.)

नमस्कार मंडळी! दुपारचा एक वाजून गेलाय, मागे सांगलीचा हरभट रोड आहे आणि आज विषय आहे सँडविच. कुठलं फेमस, कुठलं भारी, ते आज नाही. आजचा प्रश्न असा की हातात अर्धा तास आहे, खिशात शंभराची नोट आहे आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पोटानं आवाज करायचा नाही. मग मागायचं काय?

हा प्रश्न कुणाचा? कापड पेठेत सकाळपासून उभं राहून साड्या दाखवणाऱ्या ताईंचा. बँकेत कॅशला बसलेल्या दादांचा. जतहून, कवठे महांकाळहून सकाळच्या एसटीनं कामाला आलेल्या आणि परतीची गाडी धरायची गडबड असलेल्या माणसाचा. खानावळीत राइस प्लेट चांगलीच मिळते, पण एक ते दोनच्या गर्दीत बसायला जागा मिळेपर्यंत निम्मी सुट्टी संपते. वडापाव आहेच. पण दोन वडापाव खाऊन तीन वाजता काउंटरवर जी झोप येते, ती ज्याची त्याला माहीत.



दुकानात शिरलं की आधी दिसते पाटी. व्हेज, व्हेज टोस्ट, मसाला टोस्ट, चीज टोस्ट, चीज चिली ग्रिल, कॉर्न चीज ग्रिल, पनीर तंदुरी, क्लब, जंबो... पाटी वाचेपर्यंत मागच्या दोघांची ऑर्डर झालेली असते! या सगळ्या नावांच्या मागे प्रश्न तीनच आहेत. साधं, टोस्ट की ग्रिल? आत काय? आणि वर चीज हवं का? पाटीवरचा आकडा जो फुगत जातो, तो मुख्यतः तिसऱ्या प्रश्नामुळे. आणि तुमची भूक भागते ती दुसऱ्यामुळे. आजचा सगळा व्हिडिओ या दोन वाक्यांचाच आहे, पण तरी थांबा, हिशोब करू.

(पडद्यावर आकडे.)

समजा साधं व्हेज चाळीसला आहे आणि चीज ग्रिल ऐंशीला. दर दुकानागणिक वेगळे, पण दुप्पट-अडीचपट फरक सर्रास दिसतो. साध्या सँडविचमध्ये काय असतं? दोन स्लाइस, बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, वरून चाट मसाला. दोन स्लाइस साधारण ६० ग्रॅम धरा. मैद्याच्या पांढऱ्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला २६०च्या आसपास कॅलरी, म्हणजे इथे दीडशे. १० ग्रॅम बटरच्या ७२. बटाटा आणि बाकी भाज्यांच्या पन्नास-साठ. झाल्या पावणेतीनशे, तीनशे. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला हे जेवण म्हणून कमी आहे, हे आधीच कबूल करू. प्रश्न एवढाच की उरलेली भूक कशानं भरायची.

दुकानदार म्हणतो चीजनं. ठीक आहे, २० ग्रॅमची एक स्लाइस घ्या. त्यात प्रोटीन साधारण ४ ग्रॅम. आता त्याच पैशांत, किंबहुना कमीच, खारे शेंगदाणे घ्या. ३० ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन ७-८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि आपण सांगलीत उभे आहोत! भडंग कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. शेंगदाणे जास्त असलेला भडंग घ्यायचा, सँडविच उघडून बटाट्यावर मूठभर दाबायचा आणि परत मिटायचं. लसूण आहे, मिरची आहे, कढीपत्ता आहे, कुरकुरीतपणा आहे. शेवेचं काम होतं आणि दाण्यांमुळे पोटालाही आधार. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना दाखवा, ते मोबाइल काढून फोटो काढतील.

वर एक ग्लास ताक. झालं जेवण, आणि शंभरातून सुट्टे परत येतात.

मी चीजच्या विरोधात नाही. रविवारी पोरांना घेऊन आलात तर खुशाल खा, लांबवर तार ओढा. पण रोजच्या जेवणात त्याला पैसे घालताना ते चीजच आहे ना, एवढं तरी बघा. दुधाच्या फॅटच्या जागी वनस्पती तेल घालून बनवलेल्या पदार्थाला नियमानुसार चीज म्हणता येत नाही, पाकिटावर ॲनालॉग असं लिहावं लागतं. पाकीट दाखवा म्हणायला लाजू नका. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून बटर आणि चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. तुमच्या नेहमीच्या दुकानातल्या पाटीवर त्यानंतर काही उतरलेलं दिसलं तर मला जरूर कळवा, मी पेढे घेऊन येतो.

(दुकानाच्या ओट्याजवळून दृश्य: हाताचा टोस्टर, शेजारी इलेक्ट्रिक ग्रिल.)

आता वेळ. पैशाइतकीच महत्त्वाची, कारण सुट्टी अर्ध्या तासाची आणि सगळ्या ऑफिसांची एकदमच होते.

ग्रिलचं मशीन घ्या. समजा त्यात एका वेळी चार सँडविच बसतात आणि एक घाणा पाच मिनिटांचा. तुमच्या पुढे आठ ग्रिल असतील तर तुमचं तिसऱ्या घाण्यात. म्हणजे पंधरा मिनिटं गेली, आणि हे मध्ये कुणी झाकण उघडून बघितलं नाही तर. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की पत्रा थोडा गार होतो, पुढचा घाणा लांबतो. म्हणून दुकानात गेल्यावर माणसं मोजू नका, ग्रिलच्या ऑर्डरी मोजा. दहा माणसं उभी असतील आणि त्यातली आठ ग्रिलवाली असतील, तर साधं मागणारा त्यांच्या आधी खाऊन बाहेर पडतो. कारण साध्याला गॅसही लागत नाही, फक्त सँडविच बनवणाऱ्या मामांचा हात मोकळा पाहिजे.

हाताचा टोस्टर, तो लांब दांड्याचा, गॅसवर उलटापालटा करायचा, तो या दोघांच्या मधला. एका टोस्टरमध्ये एकच सँडविच, पण दुकानात असे दोन-तीन फिरत असतात. आणि माझं मत विचाराल तर चवीला हाच वरचढ. कडा दाबून बंद होतात, आतली वाफ आतच राहते, बटाटा गरम होतो, बाहेरून मात्र ब्रेड कोरडा आणि खरपूस. ग्रिलच्या त्या काळ्या रेघा फोटोला बऱ्या दिसतात.

मागायचं कसं, तेही सांगतो. "मामा, एक साधं. बटाटा जरा जास्त, चटणी दोन्ही बाजूंना, कडा कापू नका." बास. कडा कापू नका हे मुद्दाम म्हणायचं. साध्या सँडविचच्या कडा कापून टाकायची पद्धत आहे, दिसायला चौकोन सुबक होतो, पण तुम्ही पैसे दिलेला ब्रेड पिंपात जातो. बटाटा जास्त मागितला तर बहुतेक जण काही न बोलता दोन चकत्या वाढवतात, कारण तिथे सगळ्यात स्वस्त तोच असतो.

बटर नको म्हणू नका, विशेषतः घेऊन जाणार असाल तर. काकडी-टोमॅटोवर मीठ-मसाला पडला की पाणी सुटतं. बटरचा थर ते पाणी ब्रेडमध्ये मुरू देत नाही. डाएट म्हणून बटर टाळलंत, तर दहा मिनिटांत हातात ओला लगदा येतो. कमी लावा म्हणा, पण दोन्ही स्लाइसना लावा.

आणि ब्राउन ब्रेडचे दहा जास्त मागितले तर पाकीट उलटून बघा. घटकांच्या यादीत सगळ्यात आधी मैदा लिहिलेला असेल आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग असेल, तर तो पांढराच ब्रेड आहे, कपडे बदललेला.

स्वच्छतेवर मोठं भाषण नाही. चिरलेल्या भाज्यांवर झाकण आहे का? चटणीचं भांडं उन्हात नाही ना? एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात उकडलेला बटाटा आणि चटणी सकाळपासून उघडी असेल, तर त्या दिवशी केळी खा. भिंतीवर अन्नसुरक्षेचा १४ अंकी नंबर लावलेला असतो, तोही बघून घ्या.

पण एका गोष्टीवर मी भांडतो, आणि तुम्हीही भांडा. वर्तमानपत्राचा कागद! गरम, बटर लावलेलं टोस्ट छापील कागदावर ठेवलं की शाई तेलात उतरते. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला देशात बंदी आहे, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. तरी कालचा पेपर आजही ओट्यावर असतोच. "मामा, कागद नको, ताटलीत द्या," एवढंच म्हणायचं. कुणी रागवत नाही.

बिलाचं पण एक. छोटी दुकानं बऱ्याचदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. तसं असेल तर ते कर स्वतःच्या खिशातून भरतात, तुमच्या बिलात वेगळा जोडता येत नाही, आणि बिलावर तसं लिहावंही लागतं. नेहमीच्या रजिस्ट्रेशनवालं दुकान असेल तर ५ टक्के लागतात. चाळीसच्या सँडविचवर दोन रुपये. दोन रुपयांसाठी वाद घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी घालतो.

आता जतच्या गाडीवाल्यांसाठी. तुम्हाला तिथे उभं राहून खायला वेळ नाही, स्टँडवर जाऊन गाडीत खायचंय. तर साधं घेऊ नका, हाताचं टोस्ट घ्या. कांदा-टोमॅटो कमी सांगा, बटाटा मसाला चालेल. आणि गरम टोस्ट लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद करू देऊ नका, वाफेनं सगळी मेहनत पाण्यात जाते. बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून द्या म्हणा, तोंड उघडं. भडंगाची पुडी वेगळी ठेवा, खातानाच आत भरा. गोड लागत असेल तर मूठभर बेदाणे खिशात असू द्या, आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा! आणि खिडकीची जागा मिळाली तर चटणी सांभाळा, गाडी वळणावर वळली की ती शर्टावरच येते.

पुढच्या आठवड्यात मिरज स्टेशनच्या बाहेर भेटू, गाडी सुटायला वीस मिनिटं असताना काय खायचं ते बघायला.